ताशी साठ डाव

टेबल सोडताना डीलर दोन्ही तळवे एकमेकांवर घासते, हात उताणे करते, पालथे करते आणि मगच मागे सरते. छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचं असतं की बोटांत एकही चिप अडकलेली नाही. मांडवीत नांगरलेल्या त्या कॅसिनो बोटीवरचे दिवे, गाणी, गारठा आणि धुराचा वास हे सगळं हळूहळू पुसट होत चाललंय. ते रिकामे तळवे मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मी गेलो तो आमच्या शेजारच्या काकांच्या वहीमुळे. काका कोल्हापुरात बँकेत होते. निवृत्त झाल्यापासून वर्षातून चार-पाचदा पणजीला जातात, ब्लॅकजॅक खेळतात आणि प्रत्येक वेळचा जमाखर्च वहीत लिहितात. शेवटच्या पानावर ₹22,000 जमा दिसत होते. "पत्ते मोजायची काही गरज नाही. नीट खेळलं की झालं," असं ते इतक्या खात्रीने म्हणाले की माझी झोप उडाली. ही वही खरी मानून ते उद्या डाव वाढवतील, आणि मागे आहे ती फक्त निवृत्तीची पुंजी.

ती डीलर पेडण्याची. तिच्या भावाशी माझी ओळख, म्हणून पाळीवर जाण्याआधी जेटीजवळच्या टपरीवर चहाला भेटली. गोव्यात 1976 च्या जुगारविषयक कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि बोटींवर असे खेळ चालवायला वाट मिळाली. 2020 पासून गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. काम करायला नाही. म्हणजे रात्रभर ती ज्या टेबलावर पानं वाटते, त्याच्या पलीकडच्या खुर्चीत ती बसू शकत नाही. "बसायचंही नाही दादा," ती म्हणाली. "ट्रेनिंगला सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, अर्धा टक्का. गिऱ्हाईक अगदी पुस्तकाप्रमाणे खेळलं तर कॅसिनोला एवढंच सुटतं. मग म्हणाले, बाकी सगळं तुमच्या हातांवर."

हा अर्धा टक्का येतो कुठून, ते टेबलामागे उभं राहिलं की दिसतं. बेरीज 21 च्या आत ठेवून डीलरच्या पुढे जायचं, एवढाच खेळ. डीलरला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नसते. सतरा होईपर्यंत पान घ्यायचं आणि थांबायचं. शंभरात साधारण 28 वेळा तिची बेरीज फुटते. पण आधी खेळायचं ते गिऱ्हाइकाने. तुमची बेरीज 21 च्या वर गेली की चिप्स त्याच क्षणी उचलल्या जातात, आणि मग ती स्वतःही फुटली तरी तुमचे पैसे परत येत नाहीत. कॅसिनोची सगळी कमाई या क्रमात आहे.

गिऱ्हाइकाने त्यावर काय करावं, हे 1956 सालीच ठरून गेलंय. बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडरमॉट या अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून प्रत्येक हातासाठी योग्य चाल काढली. अठ्ठ्यांची जोडी फोडायची. दश्श्यांची कधीच नाही. आपले सोळा आणि समोर दश्शी असेल तर जीव घाबरला तरी पान मागायचं. काकांना हे सगळं पाठ आहे. ते खरंच नीट खेळतात. 1962 मध्ये एडवर्ड थॉर्पने 'बीट द डीलर' लिहून पुढची पायरी दाखवली: गेलेली पानं ध्यानात ठेवायची आणि उरलेल्यांत दश्श्या-एक्के जास्त असतील तेव्हाच डाव वाढवायचा. त्या रात्री काका बसले होते त्या टेबलावर तेही शक्य नव्हतं. वापरलेली पानं लगेच पिसणाऱ्या यंत्रात परत जात होती. उरला तो काकांचाच प्रश्न: नुसतं नीट खेळून दीर्घकाळ नफा होतो का?

होत नाही. आणि होत नाही हे टेबलावर बसून कळतही नाही, याची मला जास्त भीती वाटते.

भरल्या टेबलावर ताशी साठेक डाव होतात. डावाला ₹1,000 लावले तर तासात ₹60,000 फिरतात, त्यातला अर्धा टक्का म्हणजे ₹300. पण त्याच तासात नशिबाचे हेलकावे आठ-नऊ हजारांचे असतात. नऊ हजारांच्या लाटेत तीनशे कुणाला दिसणार? गिरणीत प्रत्येक दळणामागे चिमूटभर पीठ जात्यात राहतं. डबा घेऊन जाणाऱ्याला ते कळत नाही. गिरणीवाल्याला वर्षाकाठी कळतं.

काकांचे आजवर दहा हजारांच्या आसपास डाव झाले असावेत. अगदी बिनचूक खेळणारी शंभर माणसं एवढे डाव खेळली तर तेहतीसेक जण तरी फायद्यात असतात. त्यांची वहीही जमाच दाखवते. लाख डावांनंतर फायद्यात राहतात आठ-नऊ. दहा लाखांनंतर जवळजवळ कोणीच नाही. शिवाय काकांच्या वहीत प्रवेशाचे पैसे नव्हते. ते त्यांनी जेवणात धरले होते.

आणि हे झालं चांगल्या नियमांचं टेबल. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि चित्र किंवा दश्शी आली तर हजाराला दीड हजार मिळायला हवेत. काही टेबलांवर बाराशेच देतात. असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो, म्हणून ते तीनशे कुणाला खुपत नाहीत. पण तेवढ्यानेच अर्ध्या टक्क्याचे जवळपास दोन टक्के होतात. डीलरसमोर एक्का आला की विचारतात, "इन्शुरन्स?" नावात विमा असला तरी तो वेगळा जुगार आहे, आणि सहा कॅट असतील तर शंभरामागे सात रुपये खाणारा. हरलं की दुप्पट लावणारा एक तरुणही तिथे होता. हजारापासून सुरू करून सात डाव ओळीने गेले की ₹1,27,000 संपलेले असतात. आठव्याला ₹1,28,000 लावावे लागतात, आणि त्याआधीच टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते.

मोजणी न करता ब्लॅकजॅकमध्ये प्रचंड पैसा काढल्याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. अटलांटिक सिटीत डॉन जॉन्सनने 2011 पर्यंतच्या काही महिन्यांत तीन कॅसिनोंकडून मिळून सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले. मंदीने धंदा बसला होता आणि मोठं गिऱ्हाईक हवं होतं. त्याने खुर्चीत बसण्याआधी अटी ठरवून घेतल्या: नियम आपल्या बाजूचे, आणि मोठं नुकसान झालं तर त्यातले 20 टक्के माफ. त्या अटींनी अर्धा टक्का उलटा फिरला. पानं त्याने पुस्तकाप्रमाणेच खेळली. काका काही डावाला लाख डॉलर लावणारे नाहीत. त्यांच्याशी अटींची बोलणी कोण करणार?

पहाटे तीनच्या सुमारास टेबल रिकामं झालं. काका एकटेच उरले आणि खुलले. आता कोणी चुकीचं पान मागून आपला डाव बिघडवणार नाही, असं त्यांना वाटलं. शेजाऱ्याच्या चुकीने दीर्घकाळात काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. बदलला होता तो तिचा वेग. सात जणांची वाट बघणारी मनगटं आता एकासाठी चालली होती. पान, पान, बोटाची खूण, बेरीज, चिप्स, पुन्हा पान. एकट्यासमोर ताशी दोनशे डाव होतात. अर्धा टक्का तोच, पण तासाचे ₹300 आता ₹1,000 झाले होते. ती वाईट वागत नव्हती. तिला शिकवलेलं काम ती फार सुंदर करत होती.

मी खाली वाकून काकांना सांगितलं, वहीत जमाखर्चासोबत डावांची संख्या लिहायला लागा. आणि आता उठा.

"एवढा तास होऊ दे," ते म्हणाले. तिने तळवे घासून कॅमेऱ्याला दाखवले, पुढची डीलर उभी राहिली आणि काकांनी आणखी हजाराची चिप चौकोनात सरकवली.