अंदाज, गणिताध्यापनातील

प्रत्यक्ष मोजणी शक्य वा सोयीची नसताना, ज्ञात गोष्टींच्या आधारे एखाद्या राशीचे स्थूल मूल्य व त्यातील संभाव्य त्रुटी ठरविण्यास शिकविण्याची पद्धती. इयत्ता ६ वी ते ८ वीच्या विद्यार्थ्यांना ती विशेष उपयुक्त आहे. कारण गुणोत्तर, सरासरी व घनफळ या संकल्पना एकत्र वापरण्याचा प्रसंग याच वयात येऊ लागतो. अशा प्रश्नांना भौतिकीविज्ञ एन्रीको फेर्मी (१९०१–५४) यांच्या नावावरून ‘फेर्मी प्रश्न’ म्हणतात. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुबाँबच्या चाचणीच्या वेळी त्यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले आणि आघात-तरंगामुळे ते किती दूर गेले यावरून स्फोटाची तीव्रता सुमारे १०,००० टन टीएनटीइतकी ठरविली. प्रत्यक्षात ती याच्या दुपटीहून अधिक होती. फेर्मी प्रश्नात एवढा फरक क्षम्य मानतात. दहापटीची चूक मात्र क्षम्य नसते.

मलकापूर (ता. कराड, जि. सातारा) हे मीटरद्वारे होणाऱ्या अहोरात्र पाणीपुरवठ्यासाठी परिचित आहे. तेथील वर्गात पाण्याच्या देयकावरून असा प्रश्न घेता येईल : पाच माणसांच्या घरात दरमहा किती पाणी लागावे? शहरी पाणीपुरवठ्यात दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण रूढ आहे. त्यावरून महिन्याला सुमारे २०,००० लिटर, म्हणजे २० घनमीटर पाणी लागते. मीटरने ४० घनमीटर दाखविल्यास जादा २० घनमीटर कोठे गेले? मुले बहुधा ठिबकणाऱ्या नळाकडे बोट दाखवितात. सेकंदाला एक थेंब पडला, तर दिवसात ८६,४०० थेंब पडतात. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास ते जेमतेम साडेचार लिटर भरतात. जादा पाणी मात्र दिवसाला साडेसहाशे लिटरांहून अधिक, म्हणजे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर आहे. तेव्हा दोष ठिबकण्यात नसून फुटलेल्या नळीत, भरून वाहणाऱ्या टाकीत, बागेच्या वापरात किंवा मीटरमध्ये शोधावा लागतो. प्रतिमाणशी ९० लिटर धरणारा विद्यार्थीही याच निष्कर्षास येतो. गृहीतक बदलले तरी निष्कर्ष टिकतो की नाही, हे पाहणे या अध्यापनाचा गाभा होय.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ च्या गणितविषयक निबंधात अंदाज व सन्निकटन यांना गणिती प्रक्रियांत स्थान दिलेले आहे. तथापि एकच उत्तर बरोबर मानणाऱ्या परीक्षेशी ही पद्धती सहजी जुळत नाही. पुष्कळ मुले आधी काटेकोर गुणाकार करतात व उत्तर पूर्णांकात मांडून त्यालाच अंदाज म्हणतात. यावर साधा उपाय म्हणजे आकडेमोडीपूर्वी प्रत्येकाकडून ‘याहून कमी नसेल’ व ‘याहून अधिक नसेल’ अशा दोन संख्या लिहून घेणे आणि गुण त्यामागील कारणांना देणे.