जहाजांचा धूर आणि पांढरे ढग

१ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. निर्णय योग्यच होता. गंधकाच्या धुरातून तयार होणारे सल्फेटचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर उतरतात, आणि बंदरालगतच्या वस्त्यांनी ते वर्षानुवर्षे सोसले.

समुद्रावर मात्र हेच कण वेगळे काम करत होते. त्यांच्यावर बाष्प जमून ढगांचे थेंब तयार होतात. कण जास्त असले की थेंब बारीक आणि असंख्य होतात. ढग अधिक पांढरा होतो, अधिक ऊन परतवतो. जहाजांमागे उमटणाऱ्या अशा ढगांच्या रेघा उपग्रहांना स्पष्ट दिसत. नव्या नियमानंतर त्या विरळ झाल्या, आणि झाकलेली थोडी तापमानवाढ उघडी पडली.

मग धूर परत आणायचा? मुळीच नाही! सल्फेट आठवडाभरात पावसाबरोबर खाली येते. तापमान वाढवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा मात्र शतकानुशतके हवेत राहतो.