सुट्ट्यांची यादी : कोठून घ्यावी?

रंगपंचमीला इंदुरात राजवाड्यापुढून गेर जाते आणि कलेक्टरच्या आदेशाने शहरात स्थानिक सुट्टी असते. देशपातळीवरच्या यादीत हा दिवस असण्याचे कारण नाही. आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी समाजासाठी मोबाईलवरील दिनदर्शिका करावयास घेतली आहे. फुकट मिळणारी सुट्ट्यांची यादी कोठे आहे, असे ते आम्हांस विचारू लागले, तेव्हा प्रथम ही रंगपंचमीच आम्ही त्यांच्यापुढे ठेविली.

सण पंचांगावरून ठरतो. त्याची सुट्टी मात्र शासनाच्या आदेशाने ठरते. बँकांच्या सुट्ट्यांचे मूळ १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमात आहे. केंद्रीय कार्यालयांची यादी दिल्लीचा कार्मिक विभाग काढतो, राज्याची यादी सामान्य प्रशासन विभाग. शाळांच्या दसरा-दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्ट्यांचे परिपत्रक निराळेच असते, हे पालकांस वेगळे सांगावयास नको! मुसलमानी सणांच्या तारखा चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने छापील यादीनंतरही दुरुस्तीचा आदेश निघू शकतो.

हे सारे विनामूल्य आहे. राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर (विधिमंडळाचे अधिनियम वगळून) पुन्हा छापल्यास १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचा भंग होत नाही. कलम ५२ मध्ये तशी स्पष्ट सूट आहे. खाजगी प्रकाशकाच्या दिनदर्शिकेवरून मजकूर उचलणे ही गोष्ट वेगळी, आणि ती मुलांनी करू नये. पायथन या संगणकभाषेत 'हॉलिडेज' नावाचा एक मुक्त संग्रह आहे व त्यात भारतातील राज्यांची स्वतंत्र नोंद आहे. आरंभास तो बरा. परंतु प्रत्येक तारीख मूळ आदेशाशी ताडून पाहावी आणि नोंदीपुढे आदेशाचा क्रमांक लिहावा. राष्ट्रीय, राज्याची, ऐच्छिक की स्थानिक, हा रकाना तर हवाच. इंदूरची स्थानिक सुट्टी ग्वाल्हेरच्या कुटुंबास दाखविली, तर त्यांचे मूल त्या दिवशी घरीच राहावयाचे.

खरी अडचण याच्या पुढे आहे. आपण महिना अमावास्येला संपवितो, आपले माळवी शेजारी पौर्णिमेला. त्यामुळे आपली फाल्गुन वद्य पंचमी ही त्यांची चैत्र कृष्ण पंचमी. सण एकाच दिवशी येतो, म्हणून सुट्टीत घोटाळा होत नाही. पण ॲपमध्ये तिथी भरण्याची सोय ठेवावयाची आहे. वडिलांचे श्राद्ध फाल्गुन वद्य पंचमीस असलेल्या गृहस्थाने ती तिथी भरली आणि आतील गणित पौर्णिमान्त असले, तर उत्तर एक महिना अगोदरचे येईल. बंगळूरला किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या मुलास ते कोण सांगणार? घरात विचारण्याजोगे वडील माणूस उरलेले नसते, म्हणूनच तर तो यंत्राला विचारतो. त्यात अधिकमासाची भर आहे : २०२३ साली श्रावण दोनदा आला होता.

तारखा ताडून पाहण्यास कोलकात्याच्या खगोल केंद्राचे राष्ट्रीय पंचांग आहे. मराठी घरांसाठी अमान्त गणना हीच मूळ धरावी, आणि तिथीखाली बारीक अक्षरांत पौर्णिमान्त नावही द्यावे, असे आम्ही मुलांस सुचविले आहे. रंगपंचमीच्या रकान्यात त्यांनी सध्या 'कलेक्टरच्या आदेशाधीन' असे लिहून ठेविले आहे.