नुरा कुस्ती

दोन पुढारी सभेंत एकमेकांवर तुटून पडले आणि रात्रीं एकाच पंक्तीला जेवावयास बसले, कीं आपण सहज म्हणून जातों, “ही तर नुरा कुस्ती!” हा शब्द हिंदी-उर्दूंतून आपल्याकडे आला. जिचा निकाल आधींच ठरलेला असतो आणि तो जाणूनच दोन्ही मल्ल लढतात, ती नुरा कुस्ती. शब्द निंदेचा खरा. परंतु पश्चिमेकडे याच कुस्तीचा मोठा धंदा झाला आहे, आणि त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे.

इंग्लंडांत 1955 पासून 1988 पर्यंत आयटीव्ही या दूरचित्रवाणीवर धंदेवाईक कुस्त्या दाखवीत असत. बिग डॅडी आणि जायंट हेस्टॅक्स हे अगडबंब मल्ल तेथें घरोघरीं ठाऊक झाले होते. अशा खेळांत एक सज्जन असतो, एक दुर्जन असतो. दुर्जन पंचाची पाठ वळली कीं लबाडी करतो, प्रेक्षक ओरडून पंचाला सांगतात, आणि पंचाला तें नेमकें ऐकूं येत नाहीं. आपल्या तमाशांतील वगाला ही युक्ति अपरिचित नाहीं. उचलला जाणारा मल्ल स्वतःच उडी घेऊन उचलणाऱ्यास साहाय्य करतो. पडतांना हनुवटी छातीशीं घेऊन सबंध पाठीवर पडतो. आणि आखाड्याखालच्या पोकळ फळ्या त्या पडण्याचा आवाज दुप्पट करतात. म्हणजे येथें दोघे एकमेकांचे वैरी नसून जोडीदार असतात. अंग मात्र खरोखरच दुखतें. अमेरिकेंतील एका मोठ्या कंपनीच्या चालकांनीं 1989 साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें हा खेळ करमणुकीचा असल्याचें स्वतःच मान्य केलें.

याच्या उलट आपली मातीची कुस्ती. हळद, ताक, तेल घालून मऊ केलेली तांबडी माती, आणि ढाक, कलाजंग, धोबीपछाड असे डाव. पाठ मातीला लागली कीं निकाल झाला. मात्र खरी कुस्ती नेहमींच रंगतदार असते, असें नाहीं. 1910 साली लंडनमध्यें गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची झुंज सुमारें अडीच तासांहून अधिक चालली आणि बरोबरींत सुटली. झिबिस्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून राहिला होता. पुढें 1928 साली पतियाळास गामानें त्याला एका मिनिटाच्या आंत चीत केलें. कोणी नाटककार असे दोन प्रवेश लिहिणार नाहीं. एक फार लांब, दुसरा फार आखूड. खऱ्या गोष्टीची ओळख कित्येकदां अशा बेढबपणावरूनच पटते.

मग नुरा कुस्ती वाईट काय? दारासिंगांनीं फ्रीस्टाइल कुस्तीनें हजारों लोकांस रिझविलें, आणि पुढें रुपेरी पडद्यावर व ‘रामायण’ मालिकेंत हनुमानाच्या वेषांतहि तेच लोक त्यांना प्रेमानें पाहत राहिले. नाटक नाटक म्हणून दाखविलें तर त्यांत कोणाची फसवणूक नाहीं. दोष येतो तो नाटक खरें म्हणून विकलें जातें तेव्हां. आपल्या खेड्यांतील शेतकरी मुलाच्या दूध-बदामासाठीं वर्षानुवर्षें पोटाला चिमटा घेतो, आणि पहाटे तीनला मुलगा तालमींत जोर-बैठका काढतो. त्याची कुस्ती कोणी आधींच ठरविली, तर चोरी तिकिटाच्या पैशांची होत नाहीं. एका घराच्या दहा वर्षांची होते.

2023 च्या जानेवारींत पुण्यांत कोथरुडास महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. उपान्त्य लढतींत एका टांगेच्या डावाला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद माजला. पंच चुकले कीं बरोबर, हा प्रश्न जाणकारांचा. पण श्रोतेहो, त्या गलक्यांत एक समाधानाची गोष्ट होती. इंग्लंडच्या त्या खेळांत पंचाच्या अन्यायावर लोक ओरडत, तें ओरडणेंहि खेळाचाच भाग होतें, आणि घरीं जातांना तें विसरलें जाई. येथें लोक आठवडेच्या आठवडे विसरले नाहींत, कारण त्यांनीं तो निकाल खरा मानला होता. हा विश्वास हीच तालमींची ठेव आहे. चिंचेची तालीम, खालकर तालीम अशीं नांवें पुण्यांत आजहि आदरानें घेतलीं जातात, तीं तिच्याच बळावर. तिला तडा गेला, तर गदा चांदीची राहील. केसरी मात्र नांवाचाच उरेल.