मोटर पुन्हा जळली? रिवायंडिंगच्या आधी केबल पाहा



मागच्या आठवड्यात अंधारी नदीकाठच्या एका सभासद काकांकडे धानाचे पऱ्हे पाहायला गेलो होतो. पऱ्हे चांगले होते, पण मोटर बंद. वर्षभरात दुसऱ्यांदा जळली. काका म्हणाले, "रिवायंडिंगच बरोबर होत नाही जी साहेब." मी स्टार्टरपासून नदीवरच्या मोटरपर्यंत पावलं टाकत गेलो. अंतर साधारण 300 मीटर, मोटर 5 एचपीची आणि केबल अडीच एमएमची!

5 एचपीची थ्री फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते. अडीच एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये 300 मीटरला जवळपास 25 व्होल्ट वाटेतच उतरतात. चार एमएमला 15-16 उतरले असते, सहा एमएमला 10. लाईनवर पूर्ण 415 असेल तर एखादवेळेस निभेल. पण सगळ्यांच्या मोटरी चालू असताना स्टार्टरवरच 350 दिसत असतील, तर मोटरला मिळतात फक्त 325.

व्होल्टेज 10 टक्के कमी झालं की मोटरची फिरवायची ताकद 19 टक्क्यांनी घटते. पाणी मात्र तेवढंच उचलायचं असते. मग मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापते आणि एक दिवस जळते. सुरू होताना तर करंट पाच-सहा पट लागतो, म्हणून वाटेतली घटही तेव्हाच सर्वात जास्त. मोटर नुसती घुमते, उचलत नाही, त्याचं एक कारण हेच. अशा वेळी रिले ट्रिप होते म्हणून तिची सेटिंग वाढवून ठेवू नका. ती मोटर वाचवत असते.

वायरमनला बोलवा आणि मोटर चालू ठेवून तिन्ही फेजचं व्होल्टेज आधी स्टार्टरवर, मग मोटरच्या टर्मिनलवर मोजायला सांगा. हे काम स्वतः करू नका, ओल्या बांधावर तर नाहीच. फरक 12 व्होल्टपेक्षा जास्त आला तर केबल बारीक आहे किंवा मधले जोड ढिले आहेत. जोड आधी पाहा, त्यात खर्च कमी. नुसती पिळून टेप मारलेली वायर हमखास तापते.

नवीन केबल घेताना ॲल्युमिनियमची असेल तर तांब्यापेक्षा जाडी जास्त लागते. तांब्याच्या सहा एमएमचं काम ॲल्युमिनियमच्या दहा एमएमला जमते. बोअरवाल्यांनी बोअरमधली केबलही अंतरात धरावी, ती बहुतेक जण विसरतात.

स्टार्टरवरच व्होल्टेज कमी असेल तर जाड केबलने फार फरक पडणार नाही. तो डीपीवरच्या लोडचा किंवा लाईनचा प्रश्न आहे. तीन-चार दिवस वेळेसह रीडिंग लिहून महावितरणला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुसरं काम आपल्याच हातात आहे: ऑटो स्विच काढा. लाईन येताच डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज बसते. शेजाऱ्यांशी बोलून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने चालू करा.

रोवणीच्या आधी मोटरचा एचपी, स्टार्टरपासूनचं अंतर आणि केबलवर छापलेल्या साईजचा फोटो ग्रुपवर पाठवा. कोणाला किती एमएमची लागेल ते हिशेब करून कळवतो.