क्रीडोद्यानांचा संसार

संस्कृत काव्यांत जलक्रीडेचीं वर्णनें पुष्कळ आहेत. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत कुश राजा सरयूच्या पाण्यांत विहार करितो व त्या विहारांत त्याचें एक अमोल आभरण पाण्यांत पडतें, हें वाचकांस ठाऊक असेलच. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' ह्या अकराव्या शतकांतील शिल्पग्रंथांत तर एक स्वतंत्र अध्याय यंत्रांनाच दिलेला असून, कृत्रिम पाऊस पाडणारीं धारागृहें आणि गरगर फिरणारे यांत्रिक झोपाळे ह्यांचें विवेचन त्यांत आलें आहे. तेव्हां आजकाल ज्यांस 'थीम पार्क' किंवा 'वॉटर पार्क' म्हणतात तीं क्रीडोद्यानें म्हणजे निव्वळ पाश्चात्यांचें खूळ, असें जें आमचे कांहीं वयोवृद्ध स्नेही म्हणतात तें आम्हांस मान्य नाहीं. फरक आहे तो निराळ्याच ठिकाणीं. राजाचें धारागृह राजाच्या खजिन्यावर चाले; आजच्या उद्यानास आपला सर्व खर्च दाराशीं विकलेल्या तिकिटांतून भागवावा लागतो. हा संसार कसा चालतो आणि आमच्या वसई-विरारच्या परिसरांत तो पुढें चालेल कीं नाहीं, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

विरारच्या पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर शिरसाडचा फांटा आहे. तेथून वज्रेश्वरीच्या वाटेस लागलें कीं पारोळ येतें. ह्या पारोळ-भाताणे भागांत 'द ग्रेट एस्केप' नांवाचें जलोद्यान आहे. उंचावरून पाण्याबरोबर खालीं येणाऱ्या घसरगुंड्या, लाटा उठविणारा तलाव, आणि नळांतून पाऊस पाडून त्याखालीं नाचण्याची सोय, असा तेथील थाट. भोजराजा आज तेथें आला तर त्यास आपलें धारागृह ओळखूं येण्यास अडचण पडूं नये. गाण्यांचा कर्कश आवाज मात्र त्याला सोसवेल असें वाटत नाहीं. पश्चिमेस अर्नाळा, राजोडी, कळंब ह्या किनाऱ्यावरहि लहानमोठीं विश्रामस्थानें असून, अंगणांत एखादा तलाव व एखादी घसरगुंडी ठेवून तीं आपला निर्वाह करितात.

मात्र वसईकरांच्या एका अख्ख्या पिढीच्या मनांत क्रीडोद्यान म्हणजे गोराईचें 'एस्सेलवर्ल्ड'. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, उत्तनच्याहि पलीकडे, गोराईस १९८९ सालीं तें सुरू झालें. १९९८ सालीं त्याच्या शेजारींच 'वॉटर किंगडम' हें जलोद्यान निघालें. त्या काळीं शाळेच्या सहलींची व्यवस्था आम्हांकडे असे. मुलांना घेऊन विरारच्या गाडीनें मालाडास उतरावें, तेथून बसनें मार्वे गांठावें आणि मार्व्याच्या धक्क्यावरून लाँचेंत बसून पैलतीरीं जावें, असा तो द्राविडी प्राणायाम होता. तरी सहलीसाठीं कार्ल्याचीं लेणीं कीं गोराई असें मत घेतलें, तर लेण्यांस दोनच मतें पडत, आणि तीं दोन्ही शिक्षकांचीं असत. परतीच्या गाडींत मुलें एकमेकांच्या अंगावर झोपीं जात. दुसऱ्या दिवशीं विज्ञानाच्या शिक्षकांचें काम मात्र हलकें होई. उलट्या झालेल्या पाळण्यांतून आपण पडलों कां नाहीं, हा प्रश्न मुलें आपण होऊन विचारीत. मग पाण्यानें भरलेली बादली गरगर फिरवून दाखविली कीं जें समजावयास एरवीं आठवडा लागे तें एका तासांत समजे.

पुढें २०२० च्या मार्चांत साथीमुळें सर्वच ठिकाणांचीं दारें लागलीं. 'वॉटर किंगडम'चें दार कालांतरानें उघडलें. 'एस्सेलवर्ल्ड'चे पाळणे मात्र पुन्हां फिरले नाहींत. दैवाची थट्टा अशी कीं, वसई ते भाईंदर माणसें आणि वाहनें नेणारी रो-रो बोट २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाली. आम्हीं ज्या वळशानें मुलांस नेलें तो वळसा टळण्याची सोय झाली, तोंपर्यंत जावयाचें ठिकाणच मिटून गेलें होतें.

एवढ्या नांवाजलेल्या उद्यानाची ही स्थिति, तर लहानांची काय कथा? पण कारणें पाहूं गेल्यास तीं लहानांस व मोठ्यांस सारखींच लागू आहेत, आणि तीं समजून घेण्यास आमची निर्मळची जत्रा उपयोगी पडेल. कार्तिक वद्य एकादशीस ही जत्रा भरते. आकाशपाळण्याचा मालक आपला पाळणा ट्रकावर घालून अशा जत्रेस येतो, जत्रा आहे तोंवर तो फिरवितो आणि खांब उपसून पुढच्या गांवच्या उरुसास चालता होतो. जागेचें भाडें दिलें, डिझेल भरलें, चार गडी पोसले कीं त्याचा हिशेब मिटला. गर्दी जेथें असेल तेथें तो जातो. क्रीडोद्यानाचें ह्याच्या उलट. तें आपल्या जागीं बसून गर्दीची वाट पाहतें.

आणि गर्दी किती दिवस येते? गृहस्थाश्रमी वाचकांनीं आपल्याच घराचा हिशेब करून पाहावा. वर्षाचे रविवार बावन्न. त्यांतून पावसाळ्याचे पंधरा-सोळा वजा करा. आमच्याकडे आकाशांतून फुकट पडत असतां पैसे देऊन भिजावयास कोण जाणार? शिवाय रस्त्यांचा भरंवसा नाहीं. २०१८ च्या जुलैंत नालासोपाऱ्यास रुळांवर इतकें पाणी चढलें कीं गाड्याच बंद पडल्या. मग परीक्षांचे रविवार काढा, लग्नकार्यांचे काढा, थंडींत मुलांस पडसें होईल म्हणून आजी नको म्हणते ते काढा. उरलें काय? एप्रिल-मे महिने, दिवाळीची सुटी आणि तुरळक रविवार. ह्या थोड्या दिवसांच्या मिळकतींत बारा महिन्यांचें पोट भरावयाचें. २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षीं तर नेमके उन्हाळेच बुडाले, म्हणजे शेतकऱ्याचीं लागोपाठ दोन पिकें जावीं तशी गत झाली.

खर्च मात्र रविवार पाहत नाहीं. लाटांच्या तलावाचेंच पाहा. तलावाच्या खोल टोकास भिंतीआड हवेच्या कोठ्या असतात. मोठ्या पंख्यानें त्यांत हवा कोंडली म्हणजे तेथील पाणी खालीं दाबलें जातें व लाट होऊन उथळ बाजूस सरकतें. हें यंत्र दहा माणसांसाठीं चालविलें काय किंवा हजारांसाठीं चालविलें काय, विजेचें बिल जवळजवळ तेंच येतें. पाणी रोज नवें भरीत नाहींत. तेंच पाणी वाळूच्या गाळण्यांतून काढून, क्लोरीन घालून फिरवीत राहतात, आणि उडून किंवा सांडून जाईल तेवढी भर घालतात. हें फिरविणें एक दिवस जरी थांबलें तरी पाण्यास शेवाळ धरतें. समुद्राकांठच्या खाऱ्या हवेंत लोखंड गंजतें, म्हणून रंग आणि डागडुजी नित्याची. त्यांत कुचराई केली तर प्रसंग जिवावर येतो; आणि खर्चाची ओढाताण झाली म्हणजे पहिली काटछांट नेमकी तेथेंच करण्याचा मोह होतो, हें आम्हांस फार भीतिदायक वाटतें.

पाण्याचा प्रश्न नाजूकहि आहे. सूर्या प्रकल्पाचें पाणी येऊनहि वसई-विरारच्या कितीतरी वसाहती टँकरवर दिवस काढतात. घागरीसाठीं रांगेंत उभ्या राहिलेल्या बाईनें शेजारच्या गांवीं लोक पाण्यांत लोळतात असें ऐकलें, तर तिच्या तोंडून आशीर्वाद निघणार नाहींत. ह्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, गाळून फिरविलेलें पाणी पुष्कळ दिवस पुरतें, आणि पावसाचें पाणी आपल्या आवारांत सांठविणें हें अशा प्रत्येक उद्यानाचें पहिलें कर्तव्य मानलें पाहिजे.

सरकारचीहि नजर ह्या धंद्याकडे फारशी प्रेमळ राहिलेली नाहीं. २०१७ च्या जुलैंत वस्तु व सेवा कर आला तेव्हां मुलांच्या पाळण्याच्या तिकिटावर शेंकडा २८ कर बसला, म्हणजे जुगारघरें व घोड्यांच्या शर्यती ह्यांच्याच पंक्तीस बालकांस बसविलें गेलें. २०१८ च्या जानेवारींत तो शेंकडा १८ वर आला, हें त्यांतल्या त्यांत बरें झालें.

मोठें भांडवल घातलें म्हणजे हे प्रश्न सुटतात असें कोणास वाटत असेल तर त्यानें खोपोलीकडे पाहावें. २०१३ च्या एप्रिलांत तेथें 'इमॅजिका' सुरू झालें, खर्च सुमारें १,६०० कोटींच्या घरांत. यंत्रें उत्तम, देखावे डोळे दिपविणारे. परंतु कर्जाचें व्याज पाळण्यापेक्षां वेगानें फिरतें. अखेर २०२२ सालीं ती संस्था संगमनेरच्या मालपाणी समूहाच्या हातीं गेली. ह्याच समूहाचें शिर्डीस 'साईतीर्थ' नांवाचें भक्तिविषयक उद्यान आहे, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटली. शिर्डीस यात्रेकरू बाराहि महिने येतात, सोमवारींहि येतात. म्हणजे आकाशपाळणेवाल्याचें शहाणपण त्यांनीं बसल्या जागीं साधलें: जेथें गर्दीचा ओघ कधीं आटत नाहीं तेथें जाऊन बसलें.

परंतु ह्या सर्वांहून मोठा शत्रु निराळा आहे, आणि तो म्हणजे उद्यानाच्या पायाखालची जमीन. वसई-विरार महानगरपालिका २००९ सालीं झाली; २०११ च्या जनगणनेंत तिच्या हद्दींत १२ लाखांहून अधिक माणसें होतीं. केळीच्या व पानवेलींच्या वाड्या जाऊन तेथें इमारती उभ्या राहिल्या हें आम्हीं डोळ्यांदेखत पाहिलें. आतां अतिवेगवान 'बुलेट' गाडीचें एक स्थानक विरारास योजिलें आहे, आणि विरारपासून अलिबागपर्यंत मोठा मार्ग काढण्याची योजना आहे. जमिनीचा भाव ज्या गतीनें चढतो त्या गतीनें तिकिटाचा भाव चढवितां येत नाहीं. मग मालक सज्जन असला तरी एक दिवस त्याचा मुलगा किंवा पुतण्या विचारतोच, "काका, हें सारें विकून बँकेंत ठेवलें तर व्याज किती येईल?" ह्या प्रश्नास धंद्याच्या भाषेंत उत्तर नाहीं.

दिल्लीचें 'अप्पू घर' वाचकांस आठवत असेल. १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांच्या हत्तीचें नांव घेऊन १९८४ च्या नोव्हेंबरांत तें प्रगति मैदानावर सुरू झालें आणि मुलांच्या दोन पिढ्यांचें लाडकें झालें. तरी २००८ सालीं तें बंद झालें व ती जागा सर्वोच्च न्यायालय आणि मेट्रो ह्यांच्या कामीं आली. न्यायालय नको असें कोण म्हणेल? पण ह्याच्या उलट उदाहरणहि आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें 'तिवोली' नांवाचें क्रीडोद्यान १८४३ पासून चालू आहे. तें निघालें तेव्हां शहराच्या तटाबाहेर होतें. पुढें शहर वाढून त्याच्या चोहों बाजूंस पसरलें आणि आज तें मध्यवर्ती रेल्वे स्टेशनाला लागून आहे. तेथील जमिनीचा भाव काय असेल ह्याची कल्पनाच करावी! तरी तेथें इमारती झाल्या नाहींत, कारण ती बाग आपली आहे असें गांवानें मानलें. त्यांनीं ऋतूचीहि अडचण ओळखली. पूर्वीं उन्हाळ्यापुरतें असलेलें उद्यान १९९४ पासून नाताळांतहि उघडूं लागले. पारोळ हें आज शहराच्या तटाबाहेरचेंच म्हणावयाचें. शहर तेथवर पोंचावयास किती वर्षें लागतील हें विरारचा इतिहास ज्यानें पाहिला त्यास सांगावयास नको.

अशीं उद्यानें जगावींत काय, असा प्रश्न आमच्या घरींच निघाला होता. चौघांच्या तिकिटांत महिन्याचा किराणा येतो, हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु ज्या वस्तींत मुलांस खेळावयास गच्चीहि मोकळी राहिलेली नाहीं तेथें अर्धा दिवस मनसोक्त ओरडावयास मिळणें ही चैन म्हणतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. आणखी एक गोष्ट. आमच्या आळींतील पन्नाशी उलटलेल्या दोघी बहिणी भाच्यांबरोबर गेल्या असतां प्रथम काठावर पाय सोडून बसल्या, मग गुडघाभर उतरल्या, आणि शेवटीं त्यांना बाहेर काढतां काढतां भाच्यांच्या नाकीं नऊ आले. ज्यांनीं जन्मभर घरासाठीं पाणी भरलें त्यांस पाण्यांत खेळावयास पहिल्यानें मिळालें. त्याशिवाय आसपासच्या पाड्यांतील तरुणांस गांवाजवळ काम मिळतें, तेंहि ह्या हिशेबांत धरलें पाहिजे.

पारोळास एक अनुकूलता आहे, आणि ती शिर्डीसारखीच. तीच वाट पुढें वज्रेश्वरीस जाते. वसईच्या विजयासाठीं चिमाजी अप्पांनीं देवीस नवस केल्याची कथा सर्वश्रुत आहे, आणि अकलोली व गणेशपुरी येथील उष्णोदकाच्या कुंडांवर भाविकांची ये-जा नेहमींच असते. हा ओघ आठवड्याच्या मधल्या दिवशीं उद्यानाकडे वळला, शाळांनीं आपल्या सहली रविवार सोडून काढल्या आणि उद्यानांनीं त्या दिवसांचें तिकीट उतरविलें, तर पंपाचें बिल भागूं शकेल. विकास आराखडा करणारांनीं अशा जागा मनोरंजनासाठीं म्हणून राखून ठेवाव्या, हें काम मात्र आमच्यासारख्यांच्या लेखांनीं होणारें नव्हे. त्याला नागरिकांच्या सह्यांचे अर्ज लागतात.

आमच्या घरचा बेत भाऊबीज झाल्यानंतरच्या मंगळवारचा ठरला आहे. माणसें सतरा, मिनीबस सांगितली आहे; सकाळीं वज्रेश्वरीचें दर्शन आणि दुपारीं पारोळ. घरच्या मंडळींनीं चकल्या, करंज्या व दशम्या बरोबर घेण्याचें योजिलें होतें. परंतु अशा ठिकाणीं बाहेरचे पदार्थ आंत नेऊं देत नाहींत असें नातवानें सांगितल्यामुळें, देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर सांवली पाहून तेथेंच सर्व संपवावयाचें, असें ठरलें आहे.