गालफुगी येण्याआधीच लेकराला लस टोचून घ्या

लेकरू सकाळी उठले, भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि रडायला लागले. पाहता तो कानाखाली गाल टम्म सुजलेला, अंगात ताप. शेजारची आजी म्हणते, "काही नाही गं, गालफुगी आहे. लेप लाव, आठ दिवसांत उतरेल." आजीचे म्हणणे बरेचसे खरे आहे. बहुतेक लेकरे आपोआप बरी होतात. पण सगळीच सुखरूप सुटत नाहीत, म्हणून हे पत्रक.

गालफुगी, म्हणजेच गालगुंड, हा विषाणूचा रोग आहे. कानाखाली लाळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, त्या सुजतात. आजारी मुलाच्या खोकल्यातून, शिंकेतून, उष्ट्या पेल्यातून तो दुसऱ्याला लागतो. लागण झाल्यावर सूज यायला साधारण १६ ते १८ दिवस लागतात आणि सूज दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रोग पसरू लागतो. म्हणून अंगणवाडीत एका पोराला झाली, की मागोमाग चार पोरांना होते. कुणाकुणाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते. एखाद्याचा कान कायमचा जातो.

नवरेमंडळींनी पुढचे नीट वाचावे. वयात आलेल्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला, लस घेतलेली नसताना गालफुगी झाली, तर शंभरात १५ ते ३० जणांचे वृषण (अंडगोळी) सुजते. बहुधा एकाच बाजूचे सुजते. त्यामुळे कायमचे वंध्यत्व क्वचितच येते, पण दुखणे फार मोठे असते. गावात मात्र उलटेच बोलतात, की लस टोचली तर पोराला पुढे मूल होत नाही. ही निव्वळ अफवा आहे. वृषणाला इजा करतो तो रोग. लस त्यापासून वाचवते.

ही लस निघाली ती एका बापाच्या हातून. १९६३ मध्ये अमेरिकेत डॉ. मॉरिस हिलमन यांच्या लहान मुलीला गालफुगी झाली. त्यांनी तिच्या घशातून विषाणू घेतला, तो प्रयोगशाळेत दुबळा केला आणि त्यापासून लस बनवली. १९६७ मध्ये ती वापरात आली.

आता कामाची गोष्ट. उपकेंद्रात नर्सबाई नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान जी लस मोफत टोचतात, ती गोवर-रुबेलाची आहे. महाराष्ट्रात तिची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. ती चुकवू नका, गोवर गालफुगीपेक्षा घातक आहे. पण तिच्यात गालफुगीची लस नसते. गोवर, गालफुगी व रुबेला या तिन्हींची मिळून एकत्र लस, एमएमआर, बालरोगतज्ज्ञांकडे विकत मिळते. ते ती नऊ महिन्यांनंतर, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान देतात. पैसे पडतात, हे खरे. ऐपत असेल तर नांदेडला, लातूरला किंवा तालुक्याला बाजाराच्या दिवशी गेल्यावर विचारा, आणि सोबत लसीकरणाचे कार्ड न्या, म्हणजे कोणता डोस द्यायचा ते डॉक्टर ठरवतील. दोन डोस घेतलेल्या शंभरातील सुमारे ८८ जणांचा गालफुगीपासून बचाव होतो. टोचल्यावर थोडा ताप आला तर घाबरू नका.

गर्भवती बाईने ही लस घेऊ नये. घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. त्यासाठी निरोध किंवा गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. दोन लेकरांवर थांबायचे, तर ती दोन्ही धडधाकट वाढतील असा भरवसा आईबापांना हवा. लस हा त्या भरवशाचा एक भाग आहे.

गालफुगी झालीच, तर सूज आल्यापासून पाच दिवस लेकराला घरीच ठेवा. पेज, मऊ वरणभात, वरणात कुस्करलेली भाकरी द्या. चिंच-लिंबू देऊ नका, लाळ सुटून दुखणे वाढते. तापावर पॅरासिटामॉल द्यावे, अॅस्पिरिन नको. डोके फार दुखू लागले, मान ताठली, ऐकू येईना किंवा अंडगोळी सुजली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कंधार, मुखेड, जळकोटकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी एवढे करावे: टोळी निघण्याआधी आशाताईंना भेटून राहिलेले डोस विचारा आणि कार्ड पिशवीत घालून बरोबर न्या. पट्टा पडेपर्यंत थांबू नका. जिथे कोप कराल, तिथल्या आरोग्य केंद्रातही ते कार्ड दाखवून गोवर-रुबेलाचा डोस मोफत मिळतो.